कृपया कोणीही गर्दी करू नये

नाही, पण मला एक सांगा, 'कृपया कोणीही गर्दी करू नये' याचा अर्थ काय होतो हो? मराठीच आहे ना? सरळ, शुद्ध, पांढऱ्या खडूने लिहिलेलं आणि खाली लाल खडूची दुहेरी रेघ मारलेलं मराठी! मी काय 'या, बसा, चहा घ्या' असं लिहिलं होतं का? आणि तुम्हाला सांगतो, आमची काळाचौकीची चाळ, जिथे 'सर्वसाधारण सभेस उपस्थित राहावे' असं आठ-आठ दिवस फळ्यावर लिहिलं तरी सात डोकी जमतात, आणि त्यातली दोन माझ्याच घरची, तिथे 'येऊ नका' म्हटल्यावर सहाशे माणूस! सहाशे! जिन्यावर माणूस, गॅलरीत माणूस, संडासाच्या लाइनीत माणूस, आणि वर मलाच विचारतात, "काका, एन्ट्री कुठून आहे?"

थांबा, नीट सांगतो, नाहीतर तुम्ही पण म्हणाल की म्हाताऱ्याचीच चूक. चूक आहेच. पण कुठे आहे ते तरी ऐका.

मी बाबुराव. आमच्या चाळीचा फळा मी लिहितो. एकोणतीस वर्षं! पोरगा दहावी पास झाला, फळ्यावर. उद्या पाणी नाही, फळ्यावर. कुणी गेलं, की घरच्यांच्या रडण्याआधी मी स्टूल घेऊन खाली. मेलेल्या माणसाचं नाव मी असं झोकात काढायचो की जिवंत माणसं थांबून वाचायची आणि म्हणायची, "बाबुराव, आमचं पण तुम्हीच लिहा हां." आता मला सांगा, असा मान कुणाला मिळतो?

तर एकोणीस नंबरच्या खोलीत गणपत घाडी. माझी अठरा, त्याची एकोणीस, मध्ये एक भिंत, आणि भिंत पण नावाला, त्याच्याकडे कुळथाची पिठी शिजली की माझ्याकडे भात वाढून घ्यायचा. गिरणीत होता, नंतर कुरिअरवाल्याकडे होता. बायको लवकर गेली. दुपारी जेवलो की गॅलरीत चटई आणि पत्ते, तो आणि मी, तीस वर्षं. हरला की बोलायचा नाही, जिंकला की झोपू द्यायचा नाही. शर्टाला इस्त्री असल्याशिवाय खाली दूध आणायला उतरला नाही कधी. असा माणूस दोन वर्षांपूर्वी सकाळी दात घासता घासता बसला तो बसलाच. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. एका शब्दाला एक मिनिट.

आणि त्याची पोरगी श्रेया. नाव ऐकून कळणार नाही तुम्हाला. पण 'सोज्वळा' म्हटलं की? हां! बघा, बसल्या जागी सरळ झालात! साडेसातच्या सिरियलमधली सोज्वळा, जिला सासू रोज छळते आणि जी रोज तुळशीला पाणी घालून सोसते, ती आमची श्रेया. बसच्या अख्ख्या अंगावर तिचा चेहरा. आणि तुम्हाला सांगतो, ज्या दिवशी ती पहिल्यांदा टीव्हीवर दिसली त्या दिवसापासून चाळीत नुसतं एकच, "आपलीच पोरगी ना ती!" एक म्हणतो माझ्या मांडीवर वाढली, दुसरी म्हणते माझ्याकडे लाडू खायची, तिसरा म्हणतो तिला अभिनय मीच शिकवला. अरे, तू तिला मंडळाच्या नाटकातून काढून टाकली होतीस, आवाज बारीक म्हणून! पण नाही... आपलीच पोरगी ना ती!

तिने टॉवरमध्ये घर घेतलं, इथेच लालबागला, आमच्यापासून चालत वीस मिनिटं. बापाला म्हणाली, चला. बाप हलेना. डावा हात दारावर आपटून सांगायचा, "हंय... हंय." म्हणजे इथेच. मग तिने काय करावं? दिवसाला एक बाई ठेवली, रात्रीला एक बाई ठेवली, आणि स्वतः दर गुरुवारी चार वाजता यायला लागली. तोंडाला मास्क, डोक्याला ओढणी, पायात साध्या चपला. टॅक्सी दोन गल्ल्या अलीकडे सोडायची आणि चालत यायची. कशाला? तर बापाची दाढी करायला!

हसू नका. गणपत दुसऱ्या कुणाला गालाला हात लावू द्यायचा नाही. न्हावी आणला तर मान फिरवायचा. पोरगी आली की मान वर. ती दाढी करायची, नखं कापायची, पाठ पुसायची, आणि मग दोघं बसायची. एक तास. पन्नास लोकांचं युनिट तिकडे खोळंबलेलं, आणि ती इकडे बापाचे सात शब्द ऐकायला एक तास. पहिल्याच गुरुवारी मला गॅलरीत म्हणाली, "काका, फक्त तुम्हाला माहीत आहे हां. कुणाला सांगू नका ना. लोकांना कळलं की मला येता नाही येणार." मी म्हटलं, "बाय, माझ्या तोंडातून एक शब्द निघाला तर सांग." आणि निघाला नाही! तोंडातून नाही निघाला.

पण भानगड कुठे झाली? ती आत गेली की दार लावायची.

आता तुम्हाला हे कळणार नाही, तुम्ही ब्लॉकमधली माणसं. आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. सकाळी दार उघडलं की ते रात्रीच बंद. मधे लागलं, तर एक तर नवरा-बायकोचं वाजलंय नाहीतर कुणीतरी आतल्या आत खपलंय. आणि इथे दर गुरुवारी, दिवसाढवळ्या, एक तोंड झाकलेली बाई येते आणि एकोणीस नंबरचं दार लागतं! तीन आठवडे चाळीने कळ काढली. चौथ्या आठवड्यात आमचे दीपक, मंडळाचे अध्यक्ष, वय बावन्न, केस कोळशासारखे काळे, ते शोध लावून आले, "बाबुराव, ती बिल्डरची बाई आहे. रिडेव्हलपमेंटच्या कागदावर गणपतचा अंगठा घेतेय."

झालं! बिल्डर म्हटल्यावर आमच्या चाळीत मेलेला माणूस पण उठून बसतो. गुरुवारी तिला जिन्यातच अडवायची, पर्स तपासायची, मास्क खेचायचा, असं ठरलं. बायकांची वेगळी फळी ठरली. मी काय करू? सांगितलं तर शब्द मोडतो. नाही सांगितलं तर त्या पोरीचा मास्क जिन्यात सहा बायका खेचणार. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. आणि सकाळी मला वाटलं, बाबुराव, तोंडाने सांगायचं नाही असं ठरलंय ना? मग फळा आहे! फळा म्हणजे कायदा. फळ्यावर आलं की चाळ ऐकते. घेतलं स्टूल, गेलो खाली, आणि लिहिलं:

'सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, दर गुरुवारी दुपारी ठीक ४ वाजता खोली क्र. १९ मध्ये येणारी महिला ही बिल्डरची नसून, आपणा सर्वांची लाडकी अभिनेत्री कु. श्रेया गणपत घाडी (सोज्वळा) ही आहे. ती आजारी वडिलांची दाढी करण्यास येते. तरी कृपया कोणीही गर्दी करू नये. हुकमावरून.'

'लाडकी अभिनेत्री' पिवळ्या खडूने. बाजूला एक फूल पण काढलं. आता तुम्ही विचाराल, बाबुराव, फुलाची काय गरज होती? ... खरं सांगू? मिरवायचं होतं. चाळीला कळू दे ना, की एवढ्या मोठ्या नटीने गुपित सांगायला माणूस निवडला तो बाबुराव! आपलीच पोरगी ना ती!

वर आलो, घरात सांगितलं. आमची रमाबाई मासे साफ करत होती. तिने वर बघितलंच नाही. म्हणाली, "अवो, तुमका अक्कल आसा काय? वार लिवलात, वेळ लिवलात, खोली नंबर लिवलात. आता तिकिटां पण विका."

तेव्हा मी धावलो. शपथ सांगतो, या गुडघ्यांवर धावलो. पण तोवर दीपकने फळ्याचा फोटो काढून मंडळाच्या ग्रुपवर टाकलेला. खाली लिहिलेलं, 'आपल्या फळ्याची परंपरा! बाबुरावांचे मोत्यासारखे अक्षर!' मंडळाचा ग्रुप चारशे जणांचा. त्यातला एक नायगावचा, त्याची मेव्हणी विरारची, तिचा सोज्वळा फॅन क्लब... मी फळा पुसला हो. पुसला! पण फळा पुसून काय होतं? तो आता चाळीच्या तोंडाशी होता कुठे? तो लोकांच्या खिशात गेला होता.

आणि तिला फोन लावायचा तर लागेना. तिचा नंबर पण त्याच ग्रुपवर कुणीतरी प्रेमाने टाकलेला, तिने फोन बंद करून ठेवलेला.

गुरुवार उजाडला. दोनला पहिली तुकडी. तीनला जिना बंद. एका भिशी मंडळाच्या सतरा बायका एकसारख्या साड्या नेसून ओटीचं ताट घेऊन. एक भेळवाला. एक काठीला माईक लावलेला इसम, तो थेट माझ्या तोंडात माईक घालून, "काका, सोज्वळा लहानपणी कशी होती? थोडक्यात सांगा, आणि रडलात तर बरं." मी ओरडतोय, "अहो, फळ्यावर काय लिहिलंय वाचलं नाही का?" तर एक बाई म्हणते, "वाचलं ना, म्हणून तर आलो! गर्दी होऊ नये म्हणूनच लवकर आलो!"

चारला ती आली. मागे फिरेल असं वाटलं होतं मला. फिरली नाही. वर बाप मान वर करून बसलेला, गुरुवार त्याला कळतो. तिने ओढणी घट्ट केली आणि शिरली. कुणी हात धरतंय, कुणी गाल ओढतंय, भिशीतली एक बाई गळ्यात पडून हुंदके देतेय, "गो, सोड त्या सासूला! घर सोड! कित्ती सोसशील?" आणि ती पोरगी हात जोडून, "हो मावशी... हो मावशी... मला जरा वर जाऊ दे ना, बाबा आहेत." "बाबांबरोबर पण एक फोटो घेऊ!" आमचा जिना अठ्ठावीस पायऱ्यांचा. त्या चढायला तिला पाऊण तास लागला. चाळीतलेच मधे उभे, बाहेरच्यांना अडवायला म्हणून, आणि अडवता अडवता आपापला सेल्फी घेतायत. बाहेरच्यांना सांगतायत, "तुम्ही बाजूला व्हा हो, आपलीच पोरगी ना ती!"

आत गेली आणि दार लावलं.

आता गणपतचं ऐका. दोनपासून तो अंथरुणात बसून गोंगाट ऐकतोय. त्याला वाटलं आग लागली, का काय झालं, सांगता येईना. घाबरला. आणि घाबरून... त्याचं झालं अंथरुणात. होतं हो आजारी माणसाचं. दिवसाची बाई गर्दीत खाली अडकलेली. म्हणजे पोरगी एकटी आत, बापाला कुशीवर करून कपडे बदलतेय, पुसतेय, आणि बाहेर सहाशे माणसं दार वाजवतायत, "ताई, एकच फोटो!"

आणि आमच्या दारांच्या वर जाळी असते. हवा यायला. तिथे एकाने मोबाइल लावला. कुणी टपोरी नव्हे हां! चष्मा, शर्ट इन केलेला, हातात ऑफिसची बॅग, चाळिशीचा सभ्य माणूस. स्टुलावर चढलेला. मी म्हटलं, "अहो, काय करताय? आजारी माणूस आहे आत." तर खाली न बघता म्हणतो, "काका, मिसेसला प्रॉमिस केलंय." आणि स्टूल हललं. माझंच स्टूल. फळ्याचं. गॅलरीतून त्याने उचललेलं. स्टुलाचा एक पाय लंगडा आहे, एकोणतीस वर्षं मला माहीत आहे, आणि स्टूल हललं तसं मी... मी धरलं हो! तो पडू नये म्हणून! हात आपोआप गेला. तो वर बापाचं उघडं अंग शूट करतोय आणि खाली मी दोन्ही हातांनी स्टूल धरून उभा!

सत्तावीस सेकंदांचा व्हिडिओ. त्यात गणपत दिसतो, जसा कुणी कुणाला दिसू नये तसा. आणि श्रेया वर बघते आणि किंचाळते, "बंद करा! लाज नाही वाटत?" बस, तेवढंच. वर नाव काय दिलं? 'सोज्वळाचा खरा चेहरा!' नऊ लाख लोकांनी बघितला. खाली पत्रावळीभर अकला. 'एवढी कमावते आणि बाप चाळीत?' 'फॅन्समुळेच मोठी झालीस, विसरू नकोस.' एकाने लिहिलं, 'सिरियलमध्ये सासूचं सोसते, इथे सत्तावीस सेकंद सोसवले नाहीत.' मला सांगा, या माणसाला पण बाप असेल ना? का जन्मतःच मोबाइल घेऊन आला?

गर्दी सहाला पांगली. ती गेली ती मागच्या जिन्याने, चारला तो पण माणसांनी भरलेला होता, आणि दाढी अर्धीच राहिली. मी एकोणीस नंबरमध्ये गेलो. गणपत चादर तोंडावर घेऊन पडलेला. मी बसलो. पत्ते काढले. म्हटलं, "गणपत, चल, पिसतो." मग चादरीतून डावा हात आला, दाराकडे. "बाबू... दार." मी उठलो, दार लावलं. आयुष्यात पहिल्यांदा त्या माणसाने दिवसाउजेडी दार लावायला सांगितलं. परत येऊन बसतो तर हात तसाच. तसाच दाराकडे. म्हणतो, "तू पण... भायेर."

भायेर! मला! तीस वर्षं...

शनिवारी सकाळी नळाची वेळ. सगळी चाळ हंडे-बादल्यांत, आणि ॲम्ब्युलन्स आली. दोन माणसं वर गेली, गणपतला खुर्चीत बसवून खाली आणला. जो माणूस 'हंय, हंय' म्हणून दार पिटायचा, तो आता मान खाली घालून, कुणाकडे न बघता गेला. अर्धी दाढी तशीच. मी हात केला. त्याने डोळे मिटून घेतले. दार बंद, गाडी गेली. आणि दीपक माझ्या बाजूला उभा राहून म्हणतो, "बघितलंत बाबुराव? मंडळाला एक शब्द न सांगता नेलं. हवा गेली डोक्यात. आपलीच पोरगी ना ती, पण बघा!" आणि वर म्हणतो, "फळ्यावर निषेध लिहा."

निषेध नाही लिहिला. मी माफी लिहिली. काय करू? दुसरं येतं काय मला? लिहिलं, 'श्रेया, चुकलं. बाबुराव.' फूल नाही, रंग नाही, नुसता पांढरा खडू. दहा मिनिटांत त्याचा पण फोटो! 'चाळ झुकली! सोज्वळाची मागितली माफी!' संध्याकाळी तो माईकवाला परत हजर, "काका, पुन्हा एकदा लिहून दाखवता का? मागून घेतो." त्या दिवशी खडूचा डबा उचलला आणि माळ्यावर टाकला. आता चाळीत कोण मेलं, कोण पास झालं, मला विचारू नका.

पण गणपतचं काय? दुपार झाली की माणूस चटई टाकणार आणि कुणाबरोबर खेळणार? भिंतीबरोबर? महिना काढला. मग रमाबाईच म्हणाली, "जावा. तोंडान सांगा. तोंड कित्याक दिलेला हा देवान?" कुळथाची पिठी केली, डब्यात भरली. मी शर्टाला इस्त्री मारली, पत्ते खिशात टाकले आणि गेलो चालत. वीस मिनिटं.

गेटवर वॉचमन. आपलाच, चिपळूणकडचा, बोलण्यावरून कळलं. गेटच्या बाजूला एक मोठं प्लॅस्टिकचं खोकं, त्यात टेडी बिअर, फुलं, फोटोफ्रेमी, स्टीलचे डबे.

"नाव, बाबा?"

"बाबुराव."

"कुणाकडे?"

"गणपत घाडी. बाविसावा मजला."

"मॅडमचे वडील? तुम्ही कोण त्यांचे?"

आता काय सांगू? म्हटलं, "शेजारी."

त्याने माझ्याकडे खालून वर बघितलं. "त्यांचे शेजारी पण बाविसाव्या मजल्यावरच राहतात, बाबा. तुम्ही तर बाहेरून आलात."

मला राग आला. खरंच राग आला! मी गेटचा गज धरला आणि ओरडलो, "अरे, तू कालचा! मी तिला रांगताना बघितलीय! आपलीच पोरगी ना ती!"

त्याने रजिस्टर उघडलं. शांतपणे. वाईट माणूस नव्हता तो. म्हणाला, "बाबा, सकाळपासून तुम्ही चौदावे. चौदाच्या चौदा हेच म्हणाले." आणि पेनाने खोक्याकडे दाखवलं, "डबा तिकडे ठेवा. नावाची चिठ्ठी लावा, संध्याकाळी वर जातं सगळं. पातळ काही नाही ना? गळतं म्हणून विचारलं."

मी ठेवला डबा. दोन टेडी बिअरच्या मधे, सरळ राहील असा. वर बघितलं, बाविसावा मजला मोजायला लागलो, अकरापर्यंत गेलो आणि मान दुखली. एवढ्यात मागून खांद्यावर कुणीतरी टकटक केलं. साठीची बाई, हातात पेढ्यांचा पुडा. म्हणते, "काका, तुमचं झालं असेल तर जरा बाजूला होता का? मला आत निरोप द्यायचाय. आपलीच पोरगी आहे हो ती."

झालो बाजूला.